इंदूबाईंनी शिकवलेला काठ

इंदूबाईंच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा माझा विणकामाचा क्लास चालू होता. सकाळचे साडेअकरा झाले असतील. समोरच्या खोलीत सात-आठ बाया सतरंजीवर बसल्या होत्या, कोणी बाळाचं टोपडं, कोणी मोजे घेऊन. सुजाता एवढंच म्हणाली, "काकू, आई गेली सकाळी. चार वाजता रिसोडले आनतो." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. माझा चेहरा उतरलेला पाहून एकीनं विचारलं, "कोन वारलं ताई?" आणि मी म्हणाले, "ओळखीच्या एक बाई होत्या." ... ओळखीच्या! ज्यांच्यामुळे त्या सात-आठ जणी माझ्या घरात सुया घेऊन बसल्या होत्या, त्या बाईंबद्दल मी हे बोलले. बोलून झाल्यावर एकीचे सुटलेले टाकेही उचलून दिले. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. त्या चार शब्दांनी मला अजून नीट झोपू दिलेलं नाही, आणि हा लेख लिहायला बसायचं एक कारण तेही आहे.

इंदूबाई सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. अकरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, माझी अन्वी जन्मली. दिवस भरायच्या आधीच आली, वजन कमी, अंगावर लव. डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला ऊब पाहिजे, डोकं उघडं ठेवू नका. मला शाळेत असताना थोडं विणकाम शिकवलं होतं, आणि सातव्या महिन्यात हौसेनं मी एक पिवळी टोपी विणून ठेवली होती. ती घातली. दोन तासांनी दूध पाजायला घेतलं तर पोरीच्या कपाळावर लालभडक वळ. मी रडायलाच लागले. फरशी पुसणाऱ्या बाईंनी पोचा बाजूला ठेवला, हात धुतले, पदराला पुसले, टोपी काढून घेतली आणि तिचा काठ दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणून पाहिला. तो ताणलाच गेला नाही.

"बाकी टोपी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "सुरवातीचे फंदे आवळून टाकले तुमी. मंग काठ दोरीसारखा होते. लेकरानं डोकं कुठं ठेवावं मंग?"

टाक्यांना त्या फंदे म्हणत. मी म्हटलं, "मला असंच शिकवलं होतं." त्यावर त्या हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येताना एक राखाडी टोपी घेऊन आल्या. जुनी लोकर उसवून केलेली, दोन ठिकाणी गाठी दिसत होत्या. पण काठ असा, की ताणला तर माझ्या मुठीवर चढावा आणि सोडला तर लिंबाएवढा आक्रसून बसावा. ती टोपी अन्वीनं तीन महिने घातली. वळ म्हणून उठला नाही.

सव्वा महिना झाल्यावर मी त्यांचं घर शोधत गेले. मला तो काठ शिकायचा होता. खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायला काहीतरी निमित्तही हवं होतं. आमचं घर गावाला लागून असलेल्या मळ्यात. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळा दिवस जुड्या बांधण्यात जायचा. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की बाळाला जाऊबाईंजवळ देऊन तासभर निघता यायचं. इंदूबाईंचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, खाली लोखंडी पलंग, पलंगाखाली लोकरीच्या गुंड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. नवरा फौजेत होता, तो आजारानं लवकर गेला. मुलगी सुजाता तेव्हा वाशीमला कॉलेजात. मी दारात उभी राहिले तर त्यांनी कशाला आलीस असं विचारलंच नाही. "ये, बस," म्हणाल्या, आणि एक सुई माझ्या हातात दिली.

तिथं मी पहिल्यांदा देवकी भाभीचं नाव ऐकलं. लग्नानंतरची दोन वर्षं इंदूबाई नवऱ्याबरोबर पहाडातल्या छावणीत राहिल्या होत्या. रिसोडची थंडी ती काय, आणि तिथली काय... त्या म्हणत, "तिथं नळाचं पानी गोठे बापा, सळई होये त्याची." शेजारच्या क्वार्टरमध्ये देवकी भाभी राहायची, पहाडातलीच, एका शिपायाची बायको. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. भाभीनं हातात हात धरून शिकवलं. इंदूबाई कुणालाही काही दाखवायला बसल्या की आधी सांगायच्या, "हे मले देवकी भाभीनं शिकोलं." मला सांगितलं, वॉर्डातल्या नर्सेसना सांगितलं, एकदा तर बसस्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगताना मी ऐकलं. चाळीस वर्षांत पुन्हा न भेटलेल्या, पत्ताही नसलेल्या बाईचं नाव त्या अगदी सहज, पाणी मागावं तसं घेत.

पद्धत ऐकायला सोपी आहे. लोकरीचं लांब शेपूट सोडून धागा अंगठ्यावर आणि तर्जनीवर ताणून धरायचा. आम्हाला शाळेत शिकवलं होतं त्यात सुई अंगठ्यावरच्या फासात सरळ घालायची, तर्जनीवरचा धागा ओढून आणायचा, टाका झाला. इंदूबाईंची सुई मात्र आधी अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून जायची, मग वरून दोन्हींच्या मधे उतरायची आणि वर यायची. त्यानं फासाला एक पीळ पडायचा. मग तर्जनीवरचा धागा घ्यायचा, अंगठा जरासा वाकवायचा, की पिळाच्या खाली एक फट उघडते. सुई त्या फटीतून परत. तो पिळाचा धागा टाक्याच्या पायाशी राहतो आणि ताण आला की तोच थोडा सुटून जागा देतो. आज मी हे एका दमात लिहिलं. त्या वेळी मला तीन आठवडे लागले. फट सापडायचीच नाही. सापडली तर हात आवळायचा.

"काहून येवढी ओढून राह्यली?" त्या म्हणायच्या. "कोनी घेऊन चाललं काय तुह्या हातातून?"

काठ झाला की त्या तो माझ्याच वाकवलेल्या गुडघ्यावर चढवायला लावायच्या. चढला नाही की स्वतःच्या हातानं सर्रकन उसवून टाकायच्या. वीस वेळा तरी उसवला असेल. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, राहू द्या, मला नाही जमत." तर त्या चहा ठेवायला उठल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "मले तं दोन महिने लागले होते. भाभीनं कधी तोंड वाकडं नाई केलं." आठ-दहा दिवसांनी एका दुपारी काठ गुडघ्यावरून सरळ मांडीपर्यंत गेला आणि परत येऊन आपल्या जागी बसला. त्यांनी सुजाताला वाशीमला फोन लावून ते सांगितलं. "जमलं वं तिले!" म्हणाल्या. माझ्या शिकण्याचा इतका आनंद माझ्या आईलाही कधी झाला नसेल.

त्यांच्या घरी मी त्यांना मावशी म्हणायचे. आमच्या घरी मात्र त्या "दवाखान्यातल्या एक बाई" होत्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हे नवं विनकाम कुठं शिकून राह्यली?" मी म्हटलं, "मोबाइलवर." तोवर खोटं बोलायची गरजही पडली नव्हती, आपणहून तोंडातून निघालं. कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता, आडनाव काय. आडनाव पडघान. चार अक्षरं. इंदूबाई बौद्ध, आम्ही माळी. सासूबाई दुष्ट नव्हत्या. पण त्यांच्यालेखी कुणाच्या घरी बसायचं आणि कुणाच्या घरचा चहा घ्यायचा याच्या रेषा आखलेल्या होत्या, आणि त्या रेषा ओलांडून मी रोज दुपारी चहा पीत होते. घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार दिवस बोलणी बसली असती, जाणं बंद झालं असतं कदाचित. तेव्हा मला ते कारण पुरेसं वाटलं. इंदूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं होतं. भाजी घ्यायला मळ्यावर आल्या की बांधावरच उभ्या राहायच्या, आणि मला बाकीच्यांसारखंच "वहिनी" म्हणायच्या.

अन्वी तिसरीत गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सासूबाई वारल्या. इंदूबाई भेटायला आल्या, ओसरीवर अर्धा तास बसल्या, माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. त्यानंतर मला अडवणारं घरात कुणी नव्हतं. नवऱ्याला या गोष्टींचं काही नव्हतंच. मी समोरच्या खोलीत क्लास सुरू केला. बाया येऊ लागल्या, कारण माझ्या टोप्यांचा काठ. गावात कुणाकडे बाळ झालं की "त्यायच्याकडची टोपी आना, वळ नाई उठत," असं होऊ लागलं. क्लासमध्येही कुणी विचारलं की मी म्हणायचे, मोबाइलवर पाहून पाहून शिकले. जुनं खोटं होतं, तोंडात बसलेलं. त्याचं कारण संपलं होतं, ते मात्र चालूच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात रिसोडला बचत गटांचं प्रदर्शन भरलं. शामियाना, टेबलं, पापड-लोणची, गोधड्या. आमच्या टेबलाला पहिलं बक्षीस मिळालं. एका पेपरचा वार्ताहर आला, पाहुणे आले, माझ्या हातात माइक दिला. पाहुण्या बाईंनी टोपीचा काठ ताणून पाहिला आणि कौतुकानं विचारलं, "ही कला कुणाकडून शिकलात तुम्ही?"

त्या क्षणी मला इंदूबाई दिसल्या. समोरच, तिसऱ्या-चौथ्या ओळीत, सुजाताबरोबर उभ्या. निवृत्त झाल्या होत्या, केस पांढरे, अंगावर फिकट हिरवं पातळ. माझ्याकडे पाहून हसत होत्या. लेकीचं कौतुक ऐकायला आलेली आई असते ना, तशा. मी त्यांना पाहिलं, आणि माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या आमच्या गटातल्या बायांनाही पाहिलं. आणि मी माइकमध्ये म्हणाले, "कोणाकडून नाही. माझं मीच शिकले, मोबाइल पाहून."

टाळ्या वाजल्या.

त्या पुढे आल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी टेबलावरची एक टोपी उचलली, काठ दोन बोटांनी ताणला, सोडला, पुन्हा ताणला. "चांगला बसला काठ," म्हणाल्या. टोपी होती तिथं नीट ठेवली आणि सुजाताचा हात धरून गर्दीतून बाहेर पडल्या. सुजातानं मात्र एकदा वळून पाहिलं. दोन दिवसांनी पेपरात माझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, गुरूविना मिळवलेली कला. नवऱ्यानं ते कात्रण फ्रेम करून आणलं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले नाही. जायचं ठरवायचे, चौकापर्यंत जायचे आणि तिथून किराणा घेऊन परत. त्या बाजारात दिसल्या तर मी रस्ता बदलायचे. त्यांनी कधी हाक मारली नाही. असे दोन हिवाळे गेले. मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचा फोन आला, आवाज इतका बारीक की ओळखू येईना.

"वैशाली, मी इंदूमावशी बोलून राह्यली. सुजाताजवळ हाओ, वाशीमले. कॅन्सर निंघाला. औषधानं केस गेले सारे." मग म्हणाल्या, "बोटं बी बधिर झाले वं. सुई धरता येत नाई. माह्यासाठी एक टोपी विनजो. काठ आपला तो घालजो, डोकं लई दुखते."

मी दोन दिवसांत टोपी विणली. मऊ, मोरपंखी रंगाची. काठ तीनदा उसवून पुन्हा घातला, माझ्या स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिला. आणि ती टोपी आठ दिवस कपाटात ठेवली. वाशीम काही लांब नाही, सकाळी बसनं निघालं की दुपारी परत येता येतं. पण टोपी घेऊन गेले असते तर त्यांच्या समोर बसावं लागलं असतं. शेवटी तपासणीला वाशीमला निघालेल्या एका शेजारणीजवळ पिशवी दिली. संध्याकाळी त्यांचा फोन. "भेटली टोपी. काठ बरोबर हाय, जरा बी रुतत नाई. एखांद्या दिवशी येऊन जाजो." मी म्हटलं, "येते मावशी. मेथी काढायचं चालू आहे, ते आटोपलं की येते." मेथी तेव्हा पेरलीसुद्धा नव्हती.

मी गेले नाही. मग सुजाताचा तो फोन आला.

अंत्यविधीलाही गेले नाही, पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेले. त्याच पुढच्या खोलीत त्यांचा फोटो ठेवला होता, मेणबत्त्या, पांढरी फुलं. भंतेजींनी वंदना घेतली. मग एकेक जण उठून बोलू लागला. एक नर्स बोलली, एक म्हातारा शिपाई बोलला. गल्लीतली एक बाई म्हणाली, माझी तिन्ही लेकरं यांच्या टोपीत वाढली. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मला उठता आलं नाही. मी मान खाली घालून सतरंजीचे धागे पाहत राहिले. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, त्या परदर्शनाच्या दिवशी मले तुमचा लई राग आला होता. घरी येऊन मी आईले बोलली बी. पन आईनं मले गप केलं. म्हने, तिची सासू लई कडक हाय. तिनं माहं नाव घेतलं असतं तं घरात तिचे हाल झाले असते. तिच्या जिवाले काय वाटलं असन ते तिले माहीत, तू काई बोलू नको."

सासूबाई जाऊन तेव्हा सात-आठ महिने होऊन गेले होते. इंदूबाईंना ते माहीत होतं, आमच्या ओसरीवर त्या स्वतः येऊन बसल्या होत्या. त्या दिवशी मला अडवणारं कुणीही नव्हतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी पोटच्या पोरीपुढे माझी लाज झाकायला त्या खोटं बोलल्या. मला माझी बाजू सांगायची तर तेवढंही कारण माझ्याजवळ नव्हतं. ते त्यांनी शोधून दिलं.

उठताना सुजातानं विचारलं, "मले तो काठ शिकवान काय? आईजवळ होती तवा कधी बसली नाई मी. आता वाटते." मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी ती वाशीमहून आली, बंद घर उघडलं, पलंगाखालचा डबा ओढला. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिनं धागा अंगठ्यावर घेतला, मी तिची सुई धरून खालून नेली, वरून आत उतरवली. तिची बोटं अगदी इंदूबाईंसारखी, लांब, टोकाला चपटी. मला पुढचं दाखवता येईना. मी सुई खाली ठेवली आणि सांगून टाकलं, सासूबाई तेव्हा नव्हत्या, तुझ्या आईला ते माहीत होतं, मी फक्त शेजारी उभ्या असलेल्या बायांना भ्याले, आणि खरं तर टाळ्यांनाही भुलले.

बाहेर कुणीतरी हातपंप मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"हे मले सांगून काय होते?" ती शेवटी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मले तं पयलेच माहीत होतं कोनी शिकोलं ते. तुमी जिथं सांगतलं, तिथं जाऊन सांगा ना. पेपरात आलं होतं, पेपरात सांगा."

"आणि तू?"

"माहं पाहू पुढं," ती म्हणाली. "सुई कुठून काढाची, ते दाखवा."

सोमवारी मी क्लासमध्ये सांगितलं. एकीनं विचारलं, "पडघान म्हंजे..." मी म्हटलं, "होय. तेच." दोघी जणींनी एकमेकींकडे पाहून घेतलेलं मला दिसलं. त्यातली एक पुढच्या आठवड्यापासून आली नाही. बाकीच्या येतात. भिंतीवरची फ्रेम मी काढून ठेवली, तिथं आता नुसता खिळा आहे.

हा लेख मी परवाच्या रविवारी त्या खोलीत सुजाताला वाचून दाखवला. ती आईच्या पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या सुईवर चाळीसेक टाके होते, काही आवळलेले, काही बरे. मधे तिनं एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर मी पाहत राहिले. तिनं काठ स्वतःच्या गुडघ्यावर चढवून पाहिला. अर्ध्यातच अडकला. तिनं तो सुईवरून काढला आणि उसवायला लागली.

"एक राह्यलं," मान खालीच ठेवून ती म्हणाली. "आई मूळची रिसोडची नोयती. किन्हीराजाची होती ते. तेवढं लिहा."

अकरा वर्षांत मी हे त्यांना विचारलं नव्हतं. मी पेन मागून घेतलं आणि तिच्यासमोरच लिहिलं... इंदूबाई पडघान, माहेर किन्हीराजा.